स्मृती गेली म्हणून माणूसपण जाते काय?

म्हाताऱ्या माणसाला विसर पडू लागला, घरच्यांची नावे त्याच्या तोंडी येईनाशी झाली, की भेटीला येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न एकच विचारतो. "ओळखतात का तुम्हाला?" मग खाटेजवळ बसून परीक्षा सुरू होते. "आजी, सांग बघू मी कोण? माझं नाव काय?" आजी क्षणभर पाहते, भलतेच नाव घेते किंवा मान खाली घालते. जमलेले हसतात, एखादा उसासा टाकतो आणि तिच्यासमोरच निकाल देऊन मोकळा होतो, "आता त्यांच्यात काही राहिलं नाही." आम्ही वकिली करतो. समोरच्याचे म्हणणे न ऐकता दिलेला असा निकाल कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. घराघरात मात्र तो टिकतो आणि त्याची अंमलबजावणी त्याच दिवसापासून सुरू होते.

आपल्या भाषेत 'ओळख' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मी तुला ओळखतो ही एक ओळख आणि मी कोण आहे ही दुसरी ओळख. दुसरी ओळख पहिलीवर उभी असते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. जॅनेल टेलर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. त्यांनी २००८ साली एक लेख लिहिला. सगळे मला विचारतात, आई तुला ओळखते का? पण आम्ही आईला ओळखतो का, तिला माणूस म्हणून मान्यता देतो का, तिच्या मैत्रिणी तिला भेटायला का येईनाशा झाल्या, हे कुणीच का विचारत नाही? टेलरबाईंनी तो प्रश्न असा उलटा फिरवला आणि आमच्या मते योग्य जागी नेऊन ठेवला.

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, याबद्दल वाद नको. तो म्हातारचळ नव्हे, भूतबाधा नव्हे, करणी नव्हे, मागच्या जन्माचे पाप तर मुळीच नव्हे. अंगारे-धुपारे करणाऱ्यांच्या दारात आजही आपली माणसे जातात म्हणून हे लिहावे लागते. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले, तिने ऑगुस्टे सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हाही ऑगुस्टेच सांगितले. मी स्वतःला हरवून बसले आहे अशा अर्थाचे तिचे उद्गार डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. १९०६ साली ती वारली, तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि त्यात सापडलेल्या गाठींवरून आजाराची व्याख्या झाली. गाठींना डॉक्टरांचे नाव मिळाले. मी हरवले आहे असे जी स्वतःच्या तोंडाने सांगत होती, ती सांगणारी कोण होती, हा प्रश्न पुढे कित्येक दशके कुणाला पडला नाही. जी हरवल्याचे सांगू शकते ती पुरती हरवलेली नसते, एवढे साधे तर्कशास्त्रही कुणी लावले नाही.

भारतात आज या आजाराचे किती लोक आहेत? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरात सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत तो जास्त आढळला. या ओळीवर वाचकांनी जरा थांबावे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, ऐकू न येणे, डोळ्यांवर उपचार न होणे, प्रदूषित हवा, एकाकीपणा ही त्यातली काही. आणि त्यात आहे लहानपणी शिक्षण न मिळणे. म्हणजे ज्या पिढ्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचे नुकसान अक्षर न येण्यापुरते थांबले नाही. म्हातारपणी मेंदूला आजाराशी झुंजण्यासाठी जी शिल्लक लागते, तीही त्यांच्या खात्यात जमा होऊ दिली गेली नाही. शिक्षणबंदीचा हा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. पूर्वी ते धर्मगुरू होते, पुढे त्यांनी तो मार्ग सोडला. १९९७ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची जी दशा होते ती एकट्या मेंदूमुळे होत नाही. भोवतालची माणसे त्याच्याशी जशी वागतात त्यानेही ती होते. मेंदू थोडा ढासळतो, लोक त्याला कमी लेखू लागतात, त्या अवहेलनेने तो आणखी खचतो, खचलेला पाहून लोक आणखी कमी लेखतात. किटवुड यांनी दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत बसून या वागण्याचे १७ प्रकार नोंदवले. माणसाला नावाने न हाक मारता शिक्का मारून बोलणे. तो समोर असताना तो नाहीच असे धरून बोलणे. त्याला वस्तूसारखे उचलणे-ठेवणे. त्याच्या हातचे काम काढून घेणे. त्याला बाकीच्यांपासून वेगळे बसवणे. त्याची थट्टा करणे. त्याला धाक दाखवणे. त्याने मागितलेले न देणे. त्याच्या बोलण्याला किंमत नाही असे वागणे.

ही यादी आम्ही प्रथम वाचली तेव्हा ती इंग्लंडातील रुग्णांची आहे यावर विश्वास बसेना. पंक्तीत वेगळे बसवणे, नावाऐवजी जातीने पुकारणे, समोर असून नसल्यासारखे करणे, वस्तू म्हणून राबवणे आणि मग असा माणूस दबलेला, मुका, गोंधळलेला दिसला की 'यांची बुद्धीच तेवढी' म्हणणे, हे तंत्र आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होते. दोन्ही दुःखे एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. अस्पृश्यता माणसाने निर्माण केली, हा आजार निसर्गातून येतो. पण माणसाला माणसातून उठवण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे. फरक एवढाच की किटवुड यांना हे करणारी माणसे बहुधा दुष्ट दिसली नाहीत. परिचारिका होत्या, मुली होत्या, सुना होत्या. त्या मायेने करीत होत्या. "राहू दे आई, तुला नाही जमणार" म्हणून हातातली परात काढून घेणारी सून मायाळूच असते. पण ज्या हातांनी पन्नास वर्षे भाकरी थापली त्या हातांना आता काय उरले? भाकरी वेडीवाकडी होईल, होऊ द्या की.

किटवुड यांच्याशी आमचा एका ठिकाणी मतभेद आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. त्यांनी माणूसपणाची जी व्याख्या केली तिचा आशय असा की माणूसपण हा इतरांनी नात्यांतून एखाद्याला बहाल केलेला दर्जा आहे. चळवळीचा वाचक हे वाचून दचकल्याशिवाय राहणार नाही. बहाल केलेला? मग ज्याने बहाल केला त्याने उद्या काढून घेतला तर? १९२७ साली महाडला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली ती कुणाकडे माणूसपण मागायला गेली नव्हती. आम्हीही माणसेच आहोत, हे सांगायला गेली होती. ज्या समाजाने शतकानुशतके 'देणाऱ्यां'ची दानत पाहिली आहे, तो समाज माणूसपण दुसऱ्याच्या मर्जीवर कसे ठेवील?

आम्ही यातून वाट काढतो ती अशी. माणूस म्हणून दर्जा आणि हक्क हा कुणी देण्याचा विषय नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २१ स्मरणशक्ती तपासून जीविताचे संरक्षण देत नाही. तेथे 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. पण त्या दर्जाने जगता येणे, आपण कोण आहोत हे रोजच्या रोज अनुभवता येणे, हे मात्र एकट्याने होत नाही. कुणी 'मास्तर' म्हणून हाक मारल्याशिवाय मास्तरला मास्तर राहता येत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन सबाट यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले आहे. एक निवृत्त शास्त्रज्ञ आजारामुळे रुग्णकेंद्रात दिवस काढत होते. तिथले करमणुकीचे खेळ त्यांना नकोसे वाटत. सबाट यांनी त्यांच्याशी संशोधनातला सहकारी या नात्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा तेच गृहस्थ त्या गप्पांना 'प्रकल्प' म्हणू लागले, त्यात रस घेऊ लागले. शब्द सापडत नव्हते, पण शास्त्रज्ञ सापडला. त्याला जागा करण्यासाठी समोर त्याला शास्त्रज्ञ मानणारा कुणीतरी बसलेला हवा होता. आपल्याकडेही पाहा. ज्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याला मुलाचे नाव आठवत नाही, त्याला 'जयभीम' घातला की हात आपोआप वर जातो.

स्मृती म्हणजेच माणूस, ही समजूत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात जॉन लॉकपासून सतराव्या शतकात रुजली. कालचे ज्याला आठवते तोच आजचा मी. आपल्याकडे आत्मवाद्यांनी वेगळी सोय केली. आत कुठेतरी न बदलणारा आत्मा आहे, मग म्हातारा काहीही विसरला तरी आत्मा शाबूत! असा आत्मा म्हाताऱ्याच्या काय कामाचा? त्याची चादर तो बदलत नाही. तथागतांनी आत्मा नाकारला आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तो नकार ठामपणे पुढे ठेवला. माणूस हा अनेक कारणांनी घडत जाणारा प्रवाह आहे. मग त्या प्रवाहातले एक कारण, स्मृती, क्षीण झाले तर बाकीची कारणे संपतात काय? देह आहे, सवय आहे, भीती आहे, प्रेम आहे आणि भोवती माणसे आहेत.

आणि येथे आम्हाला विनयपिटकातील एका भिक्खूची आठवण करून द्यायची आहे, कारण तो आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने एक नजीरच आहे. गग्ग नावाचा भिक्खू भ्रमिष्ट झाला होता. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. नियम असा की संघ पूर्ण जमल्याशिवाय उपोसथ करता येत नाही. संघापुढे अडचण उभी राहिली. आता काय करावे? गग्गाला काढून टाकले असते तर नियम सुटसुटीत झाला असता. बुद्धांनी ते केले नाही. गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाने उपोसथ करावा, असा रीतसर ठराव संघाने करावा असे त्यांनी सांगितले. पुढे भ्रमिष्ट अवस्थेत घडलेल्या चुकांबद्दल काही भिक्खू गग्गाला छेडू लागले तेव्हा त्या आरोपांतून त्याला मुक्त करण्याचीही वेगळी तरतूद झाली. लक्षात घ्या, नियम माणसासाठी वाकवला, माणूस नियमासाठी तोडला नाही. विसराळू माणूस संघाचा सभासद राहिला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा ठराव आजच्या बँकांच्या व्यवस्थापकांना वाचून दाखवावा असे आम्हाला पुष्कळदा वाटते.

बँकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत निम्मी भांडणे निवृत्तिवेतनाची असतात. गिरणी, रेल्वे, महापालिका, शाळा यांत राबून निवृत्त झालेली आपली पहिली पगारदार पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. हात थरथरतो, सही जुळत नाही, तारीख विचारली तर सांगता येत नाही. एका बँकेत खिडकीवरच्या माणसाने वृद्ध बाईंच्या मुलाला सांगितले, "यांना काही समजत नाही, तुम्हीच काय ते बोला." बाई समोर उभ्या होत्या, पैसे त्यांच्या नवऱ्याच्या नोकरीचे होते. वास्तविक आजारी आणि असमर्थ निवृत्तिवेतनधारकाला दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवून, तेही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे द्यावेत, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ती खिडकीपर्यंत पोहोचत नाही, पोहोचवावी लागते.

तपासणीबद्दलही बोलले पाहिजे. डॉक्टरांच्या परीक्षेत विचारतात, आज तारीख काय, साल कोणते, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहून दाखव. जी बाई जन्मभर आठवड्याच्या बाजारावरून आणि पौर्णिमा-अमावास्येवरून दिवस मोजत आली, जिने कधी पाटी धरली नाही, ती या परीक्षेत नापास होणारच. तिचा मेंदू नापास झाला की तिच्या वाट्याला न आलेली शाळा? हरियाणातील बल्लभगढ येथे गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार केली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध झाली, ती याच कारणाने. आपल्या माणसाला डॉक्टरांकडे नेताना तो किती शिकला, काय काम करीत होता हे आधी सांगावे, आणि कानाचे यंत्र किंवा चष्मा लागत असेल तर तो घालूनच न्यावे. ऐकू न आल्याने चुकलेले उत्तर विसराळूपणाच्या खाती जमा होऊ नये.

लॉरेन्स कोहेन या अमेरिकन अभ्यासकाने वाराणसीत राहून म्हातारपणाचा अभ्यास केला, त्याचे पुस्तक १९९८ साली आले. सधन वसाहतींत म्हाताऱ्याचे डोके बिघडले की चर्चा होई ती कुटुंब बिघडल्याची, मुले सेवा करीत नसल्याची, पाश्चात्त्य वारे शिरल्याची. नगवा या दलित वस्तीत मात्र म्हातारपणाविषयी सतत एकच शब्द कानी येई, 'कमजोरी'. पोट रिकामे, हाड झिजलेले, काम संपलेले. तेथे डोक्याचा प्रश्न अंगाच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नव्हता. आम्हाला वाटते नात्यांचे महत्त्व सांगताना ही वस्ती विसरता कामा नये. जिची मुलगी सकाळी चार घरची धुणीभांडी करायला जाते आणि सून बांधकामावर, त्या आजीजवळ बसून बोलायचे कुणी? 'तुम्ही प्रेमाने वागा' एवढे सांगून सरकार मोकळे होणार असेल, तर ते प्रेमाचे ओझे पुन्हा घरातल्या बाईच्याच डोक्यावर येणार. रात्री तीनदा उठून अंथरूण बदलणारी ती बाई एक दिवस खेकसली, तर तिला दोषी धरायला आम्ही तयार नाही. तिला दिवसाचे चार तास सुटका कोण देणार, हे विचारू. गावोगावी विहारे आहेत, त्यांची दारे आठवड्याचे सहा दिवस बंद असतात. दुपारी चार म्हाताऱ्यांना तिथे बसवता येणार नाही काय? त्रिसरण-पंचशील सुरू झाले की नावगाव विसरलेले ओठही हलतात, हे अनेकांनी पाहिले आहे. लहानपणापासून सुरात म्हटलेले उशिरा पुसले जाते.

समाज काय करू शकतो याचे उदाहरण जपानचे. तेथे या आजाराला जो जुना शब्द होता त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ साली सरकारने तो शब्द टाकून नवा आणला. नाव बदलून काय होते, असे विचारणारे तिथेही होते. नामांतराची किंमत मोजलेल्या समाजाला याचे उत्तर द्यायला नको. पुढच्या वर्षापासून दुकानदार, बँकवाले, शाळकरी मुले यांना या रुग्णांशी कसे वागावे याचे धडे देण्याची मोहीम सुरू झाली. २००७ साली आयची प्रांतात ९१ वर्षांचे एक गृहस्थ घरच्यांचा डोळा चुकवून बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून गेले. त्यांची पत्नी ८५ वर्षांची, तिचा जरा डोळा लागला होता. रेल्वे कंपनीने गाड्या खोळंबल्याच्या नुकसानभरपाईचा दावा त्या कुटुंबावर लावला! खालच्या न्यायालयांत कुटुंब हरले. १ मार्च २०१६ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मुक्त केले. विसराळू माणूस रस्त्यावर आला तर त्याला दाराला कडी घालून कोंडणे हाच उपाय नाही, हे त्या निकालाने अप्रत्यक्षपणे मान्य केले.

आपल्या कायद्याची स्थिती संमिश्र आहे. १८७२ चा करार कायदा म्हणतो की जो माणूस एरवी विकल मनाचा असतो पण अधूनमधून भानावर येतो, तो भानावर असताना करार करू शकतो. इतक्या जुन्या कायद्यालाही चांगले दिवस आणि वाईट दिवस यातला फरक कळत होता. भारताने २००७ साली अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा स्वीकारला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता मान्य केली आणि त्यांच्या जागी बसून निर्णय घेणाऱ्या पालकाऐवजी त्यांच्याशी विचारविनिमय करून निर्णय घेणारा मर्यादित पालक आणला. त्या कायद्याच्या अनुसूचीत स्मृतिभ्रंशाचे नाव नाही, परंतु मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या विकाराचा उल्लेख आहे, त्या दाराने आत जाता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिले आहे की आजार आहे एवढ्यावरून कुणालाही विकल मनाचा ठरवता येणार नाही, ते काम सक्षम न्यायालयाचे आहे. पाहुण्यांचे नाही, भावकीचे नाही, तलाठ्याचेही नाही.

मात्र एक भोक राहिले आहे. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती २०१७ च्या कायद्यात नाही. म्हणून औषधपाण्याला पैसे काढायचे तरी कुटुंबांना अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. ज्याच्या खात्यात चाळीस हजार आहेत त्याने मुंबईला किंवा नागपूरला वकील लावायचा काय? लोक म्हणतात, आम्ही बाबांकडून मुखत्यारपत्र करून घेतले आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाराच विकल मनाचा झाला तर ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवले त्याच दिवशी ते निकामी. हे माहीत नसल्याने पुष्कळ घरांत पुढे भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात.

तेव्हा आजाराचा पहिला सुगावा लागला, माणूस अजून नीट बोलतो आहे, तोवरच काही गोष्टी त्याच्याशी बोलून, त्याच्यादेखत कराव्यात. घर कुणाच्या नावे, पैसे कुठे, शेवटी दवाखान्यात नळ्या हव्यात की घरी राहायचे, सांभाळ कुणी करावा. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यात लेखी घालावी, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घेता येतो. आणि २०१७ च्या कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आपल्या लोकांनी अवश्य वापरावी. त्याला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर लिहून खाली सही किंवा अंगठा पुरे. प्रतिनिधी रक्ताच्या नात्यातलाच हवा असेही नाही. मूलबाळ नसलेली विधवा आपल्या शेजारणीचे नाव लिहू शकते, विहारातल्या एखाद्या मुलीचे लिहू शकते, आणि उद्या मन बदलले तर ते नाव खोडून दुसरे घालू शकते.